पोकळ कारभार

मराठी भाषेने 'पोकळ' या शब्दाचा जेवढा छळ केला आहे, तेवढा दुसऱ्या कुठल्याही शब्दाचा केला नसेल. घर मोठं असलं की त्याचा वासा पोकळ. पुढाऱ्याचं आश्वासन पोकळ, जावयाचा डौल पोकळ. आणि एखाद्याला फटके द्यायचे ठरले तर बांबूसुद्धा पोकळच लागतो. भरीव बांबूचे फटके कोणी कोणाला दिल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

अशा या भाषेच्या मुलखात राहून मी गेली काही वर्षं फावल्या वेळात पोकळ वस्तू तयार करतो. मुद्दाम आणि घाम गाळून. लाकडाचा भरीव ओंडका घ्यायचा, तो लेथवर चढवून गरागरा फिरवायचा, बाहेरून त्याला हंडीसारखा आकार द्यायचा आणि वर जेमतेम दीड इंचाचं तोंड ठेवून त्या तोंडातून आतलं सगळं लाकूड कोरून बाहेर काढायचं. शेवटी हातात राहते ती पाव इंचाहून पातळ भिंत आणि तिच्या आतली हवा. या भांड्यात पाणी राहत नाही, पीठ ठेवलं तर काढता येत नाही, आणि लोणच्याचं तर नावच नको. सौ.ने पहिलं भांडं हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "यात काय ठेवायचं?" मी म्हटलं, "काही नाही." ती म्हणाली, "मग त्यासाठी एवढं खोदलंत कशाला? ओंडक्यातही काही ठेवता येत नव्हतंच की!" या युक्तिवादाला बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात उत्तर नाही.

बरं, ओंडका तरी धडधाकट असावा! तोही नाही. मला लागतं ते गाठीचं, चिरा गेलेलं, किडीने भोकं पाडलेलं, मधे साल अडकलेलं, बुरशी चढलेलं लाकूड. सुताराने लाथ मारून बाजूला सारलेला ओंडका दिसला की माझे डोळे लकाकतात. आता हा छंद बँकेतल्या माणसाला कसा जडला हे कोडंच आहे. कारण बँकेच्या काउंटरवर माझी उभी हयात गेली ती वस्तूतला दोष हुडकून ती नाकारण्यात. सही जुळत नाही, परत. तारीख खोडलेली आहे, परत. (मी कारकून आहे. २०२४ च्या पगारकरारात आम्हा कारकुनांचं 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' असं बारसं झालं. पण शेजारपाजारचे अजून 'बँकेत चिकटलेत' असंच म्हणतात आणि ते जास्त अचूक आहे.)

फाटक्या नोटेचंच घ्या. पन्नास रुपये आणि त्यावरची नोट फाटली असेल, तर तिचा सर्वांत मोठा तुकडा मोजायचा. तो मूळ नोटेच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरला तर पूर्ण पैसे, ४० ते ८० टक्के भरला तर निम्मे, आणि ४० टक्क्यांच्या खाली गेला तर गिऱ्हाइकाने तो तुकडा आठवण म्हणून पाहिजे तर चौकटीत लावावा. २०१८ साली हे टक्के रिझर्व्ह बँकेने सुधारून दिले. या हिशेबाने माझी भांडी पाहा. ओंडक्याचं नव्वद टक्के लाकूड मी कीस करून जमिनीवर पाडतो. उरलेल्या दहा टक्क्यांतही एखादं भोक, दोन चिरा. म्हणजे आमच्या नियमाप्रमाणे किंमत शून्य. आणि तरीही भांडं तयार झालं की ते ओंडक्यापेक्षा मोलाचं वाटतं. हा हिशेब मी आमच्या शाखाधिकाऱ्यांना सांगितला, तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही रजा घ्या थोडे दिवस."

हा नाद मला लावणारा माणूस म्हणजे आमच्या पेठेतले एक कातारी. त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात. मीही मिस्त्रीच म्हणतो. लाटणी, पाळण्याचे खांब, चौरंगाचे पाय, भोवरे असा त्यांचा व्यापार. मी गेलो होतो चौरंगाचा मोडका पाय बदलून घ्यायला. त्यांनी शिसवाचा एक तुकडा लेथवर लावला, गोल पटाशी टेकवली आणि लाकडाची अशी सलग लांबच लांब फीत निघायला लागली की मी पाय विसरून तिथेच उभा राहिलो. पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनी न विचारता माझ्या हातात पटाशी दिली. वर्षभराने मी एक जुना लेथ घेतला आणि घराच्या मागच्या गॅलरीत बसवला. त्यावर सोसायटीची जी विशेष सभा झाली तिचं इतिवृत्त इथे देत नाही.

मिस्त्रींचा धंदा सगळा सरळ लाकडावर. गाठ दिसली की तुकडा बाजूला, चीर दिसली की बंबात. "गाठीचं लाटणं दिलं साहेब, तर बाई दुसऱ्या दिवशी परत घेऊन येते," हे त्यांचं अर्थशास्त्र. त्यामुळे मी त्यांच्या बंबफोडीच्या ढिगातून तुकडे उपसायला लागलो, तेव्हा त्यांना माझी काळजी वाटली. मग मी त्यांना अमेरिकेची गोष्ट सांगितली. आपल्याकडे कुठल्याही वेडाला अमेरिकेचा दाखला दिला की ते शास्त्र होतं.

गोष्ट खरी आहे. अमेरिकेत मेल्विन आणि मार्क लिंडक्विस्ट नावाचे बापलेक होते. बुरशीने रेघोट्या पडलेलं, जंगलात कुजायला लागलेलं लाकूड त्यांनी लेथवर चढवलं आणि अशा लाकडाची भांडी सुंदर असतात हे लोकांच्या गळी उतरवलं. आणि १९७०च्या दशकात डेव्हिड एल्सवर्थ नावाच्या गृहस्थाने वाकड्या सळईची हत्यारं करून छोट्याशा तोंडातून भांडं आतून पोखरण्याची विद्या वाढवली. आज त्याची भांडी संग्रहालयात काचेच्या कपाटात आहेत. १९८६ साली तिकडे लाकूड कातणाऱ्यांची संघटना निघाली, तिचा पहिला अध्यक्ष हाच. पोकळ काम करणाऱ्याला अध्यक्ष करण्याची पद्धत आपल्याकडेही आहे. पण एल्सवर्थचं काम निदान पोकळ म्हणून जाहीर तरी होतं. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सळई वाकवून देतो. पण उडालं तर मी दुकानात नव्हतो."

उडालं म्हणजे काय ते सांगायला हवं. असं लाकूड एका बाजूला जड आणि एका बाजूला हलकं असतं. ते लेथवर फिरायला लागलं की सगळं यंत्र नव्या नवरदेवासारखं थरथरतं. म्हणून सुरुवातीला वेग कमी ठेवायचा, तोंडावर काचेचा मुखवटा चढवायचा आणि ओंडक्याच्या नेमकं समोर कधी उभं राहायचं नाही, जरा बाजूला राहायचं. आत लपलेली एखादी चीर एकाएकी उकलली की तुकडा सरळ रेषेत सुटतो. बँकेतही तपासणी सुरू असताना मी हाच नियम पाळतो.

आता मुद्द्याच्या लाकडाकडे येतो.

श्रीवर्धन तालुक्यातल्या आमच्या गावी वाडीत एक रायवळ आंबा होता. आजोबांच्या आधीपासूनचा. हापूसचा मान त्याला कधी मिळाला नाही. फळ लहान, धागे दातात अडकणारे, चोखून खायचं आणि सदऱ्यावर डाग पाडून घ्यायचे. पण कैरी अशी आंबट की नुसत्या आठवणीने कानशिलं दुखावीत. पुरुषभर उंचीवर त्याला बेचकं होतं आणि तिथून दोन थोराड फांद्या, एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला, गेल्या होत्या. २०१२ साली वाडीच्या वाटण्या झाल्या, मोजणी झाली, आणि हद्दीची रेघ आली ती बरोबर या आंब्याच्या बुंध्यातून. पूर्वेची फांदी बाबांच्या हिश्श्यावर, पश्चिमेची मधल्या काकांच्या. त्या वर्षी लोणच्याची एक टोपली कैरी कोणी, कोणत्या फांदीवरून, कोणाला न विचारता उतरवली यावरून बाबांचं आणि मधल्या काकांचं बोलणं थांबलं. कोकणात खून झाला तर लोक विसरतात, कैरी विसरत नाहीत. बाबा पुण्याला आमच्याकडे राहायला आले. काकू आणि आई चोरून फोनवर बोलत. त्याचा बाबांना पत्ता नाही असं समजून आम्ही सगळे वागत होतो, आणि पत्ता नाही असं दाखवून बाबा वागत होते.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर येऊन आदळलं. नारळी-पोफळी झाडूच्या काड्यांसारख्या मोडल्या, घरांची कौलं पत्त्यांसारखी उडाली. वीज गेली ती कित्येक आठवडे आली नाही. फोन बंद. त्यातून टाळेबंदी. बँक अत्यावश्यक सेवेत, त्यामुळे मी रोज शाखेत. संध्याकाळी घरी आलो की बाबा दारातच उभे. विचारायचे, "आंबा पडला का रे?"

"कळलं नाही अजून."

"जुना आहे. वारा सोसायचा नाही त्याला."

तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी चुलतभावाने कुठल्याशा टेकाडावर चढून रेंज शोधली आणि फोन केला. सगळे सुखरूप आहेत, पडवीचं छप्पर गेलं, काका ठीक आहेत, आंबा पडला. मी बाबांना याच क्रमाने सांगितलं. "आंबा पडला" इथपर्यंत ते ऐकायला थांबलेच नाहीत. "काका ठीक आहेत" म्हटल्यावर आत जाऊन निजले.

आंबा पडला तोही थेट हद्दीवर. म्हणजे पुन्हा पंचाईत! बाबांच्या परवानगीशिवाय काकांनी हात लावायचा नाही, आणि परवानगी मागायची तर बोलायला हवं. तेव्हा अख्खा पावसाळा तो आंबा तसाच भिजत पडून राहिला. एखाद्या दाव्यात अडकलेल्या मालमत्तेसारखा.

२०२१ च्या जानेवारीत मी गावी गेलो तेव्हा लाकूडवाला आला होता. त्याने कुऱ्हाडीने एक ढलपी काढली, हुंगली, आणि निकाल दिला, "नासलंय. जळाऊ भावाने नेतो." मी ती ढलपी उचलून पाहिली. पिवळट-गुलाबी लाकूड, आणि त्यावर बोरूने काढावी तशी काळीभोर नागमोडी रेघ. त्या रेघेला लागून दुसरी. मधे एखादं बेट.

या रेघांची गंमत मला पुढे वाचताना कळली. मेलेल्या लाकडात ओल राहिली की बुरश्या शिरतात. त्या एक नसतात, अनेक असतात. प्रत्येक आपापला टापू खात पुढे सरकते, आणि दुसरीची गाठ पडली की आपल्या हद्दीवर काळी भिंत उभारते. लाकडावर दिसते ती रेघ म्हणजे त्या भिंतीची धार. दोन बुरश्या वेगळ्या जातीच्याच असाव्या लागतात असंही नाही. एकाच जातीच्या दोघींनासुद्धा एकमेकींचं तोंड बघवत नाही. म्हणजे बाहेर हद्दीवरून जे चाललं होतं तेच आत बुरश्यांचंही चाललं होतं. फरक एवढाच की त्यांनी सहा महिन्यांत मोजणी करून बांध घातले आणि कोणाला मोजणीची फी भरावी लागली नाही.

मी काकांना विचारलं, "हे बेचकं मी नेऊ का?"

काका कितीतरी वेळ माझ्याकडे पाहत राहिले. "तू ना? ने. शिंचं बंबातसुद्धा जळायचं नाही ते." मग जरा थांबून, दुसरीकडे बघत, "आणि त्याला विचारलंस का?"

"बाबांना? ते म्हणाले, त्याला विचार."

"मग ने."

बेचक्यावर कोणाचाच पूर्ण हक्क नव्हता, म्हणून ते मिळालं. फांद्या मागितल्या असत्या तर मी आज हा लेख तुरुंगातून लिहीत असतो. कापणाऱ्या पोऱ्याने यंत्रकरवतीने दोन हात लांबीचा तुकडा काढून दिला, आणि तो डिकीत घालून मी ताम्हिणी घाटातून पुण्याला आणला. गाडीचं मागचं अंग इतकं बसलं होतं की समोरून येणाऱ्यांना माझे दिवे विमानं शोधतायत असं वाटलं असेल.

घरात पहिला विरोध आईचा. "आंब्याची लाकडं घरात? आंब्याची लाकडं कशाला आणतात माहीत आहे ना तुला?" माहीत होतं. शेवटच्या प्रवासाला. बाबा खुर्चीतून म्हणाले, "राहू दे. वेळेला धावपळ नको." यावर आईने जो कटाक्ष टाकला त्याने ओलं लाकूडही पेटलं असतं.

ओल्या लाकडाचं भांडं एका दमात करता येतं, पण मला घाई नव्हती. आधी जाड भिंतीचं कच्चं भांडं करायचं, साधारण रुंदीच्या दहाव्या हिश्श्याएवढी भिंत ठेवायची. माझं नऊ इंचांचं होतं म्हणून जवळजवळ इंचभर. आडव्या कापावर मेण फासायचं, आणि मग वाळू द्यायचं. उन्हात ठेवलं की तडकलंच. कागदी पिशवीत गुंडाळून पलंगाखाली, जिथे नवराबायकोच्या भांडणाशिवाय दुसरा वारा पोचत नाही, अशा जागी ठेवायचं. दर रविवारी काट्यावर वजन करायचं. वजन उतरायचं थांबलं की वाळलं.

मी त्याचं पासबुक केलं होतं. फेब्रुवारीत आरंभीची शिल्लक २ किलो ९४० ग्रॅम. पहिल्या आठवड्यांत भराभर उतार, मग हळू, मग त्याहून हळू. ऑक्टोबरात १ किलो ९६० वर येऊन स्थिर. कॉलेजात घसारा मोजायच्या दोन पद्धती शिकवल्या होत्या. एकीत दरवर्षी सारखी रक्कम वजा करायची, आणि दुसरीत उरलेल्या किमतीवर टक्के लावत जायचे. ही दुसरी, घटत्या शिल्लक पद्धत निसर्गाने स्वतःच वापरावी याचा मला एक कॉमर्सवाला म्हणून फार अभिमान वाटला. आमचे प्राध्यापक हयात असते तर त्यांना पासबुक नेऊन दाखवलं असतं.

वाळताना बुरशीही थांबते. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या खाली गेली की तिचा संसार आटोपतो. पण तोवर तिने जे खाल्लेलं असतं ते खाल्लेलं असतं. काही ठिकाणी लाकूड कणखर, आणि शेजारीच बोट लावलं तर भुसभुशीत, शिळ्या पावासारखं. अशा जागी पातळ फेव्हीक्विक मुरवायचं आणि दगड होऊ द्यायचं. बुरशीचा भुगा छातीत जाऊ नये म्हणून नाकाला मास्क हवा. त्या वर्षी मात्र या बाबतीत चैन होती. मी मास्क लावून गॅलरीत उभा राहिलो तरी कोणी वळून पाहिलं नाही.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मिस्त्रींना बोलावलं. बाहेरचा आकार नव्याने साफ झाला, रेघा चकाकायला लागल्या. आता आतली कोराई. हे काम आंधळं असतं. तोंड दीड इंचाचं, त्यात वाकडी सळई शिरली की तिचं टोक कुठे आहे ते दिसत नाही. हाताला कळतं आणि कानाला कळतं, बस्स. दर मिनिटाला यंत्र थांबवून आत अडकलेला कीस बाहेर काढायचा, नाहीतर तो सळईला गुंडाळून बसतो. भिंत जाड असते तेव्हा आवाज घोगरा येतो. पातळ होत जाते तसा चढा होतो. हे कळायला कान तयार असावा लागतो. माझा कान वीस वर्षं नोटा मोजण्याच्या यंत्राच्या आवाजात तयार झालेला. म्हणून मिस्त्री.

ते स्टुलावर डोळे मिटून बसले. मी कोरत होतो. मधेच टक्‌-टक्‌-टक्‌ असा आवाज यायला लागला. सळईचं टोक दर फेऱ्याला कशावर तरी आपटत होतं. मिस्त्री म्हणाले, "भोक आलं." बेचक्याच्या नेमक्या मधे, दोन फांद्या वाढता वाढता त्यांच्यात साल अडकून राहिलेली असते. ती गळून पडली होती. भांड्याच्या कुशीत रुपयाएवढं, कडा दातेरी असलेलं एक भोक, आणि त्यातून लाकडाचा कीस कारंज्यासारखा बाहेर उडत होता. मिस्त्रींच्या टोपीवर, सौ.च्या तुळशीवर, खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या पापडांवर. भोकाच्या कडेला पटाशी जरा जरी अडली तर सगळं भांडं दोन फाकांत जाणार. नऊ महिने, एक झाड आणि एक टोपली कैरी एका बाजूला, आणि माझा घामेजलेला तळहात दुसऱ्या बाजूला. आवाज चढत गेला. घोगरा, मध्यम, मग जवळजवळ सनईसारखा.

"बास," मिस्त्री म्हणाले. "आता एक कीस जास्त काढलात तर पलीकडचं दिसेल."

यंत्र थांबवलं. तारेच्या कॅलिपरने भिंत मोजली, पाच-सहा मिलिमीटर. मिस्त्रींनी भांडं हातात घेतलं, भोकात बोट घालून फिरवलं, काळ्या रेघेवरून अंगठा नेला. ते काय म्हणतात म्हणून मी वाट पाहत होतो. ते म्हणाले, "गिऱ्हाईक परत आणेल." पण भांडं खाली मात्र ठेवेनात. चहा आला तो त्यांनी डाव्या हाताने प्यायला.

पाडव्याला ते मी बाबांच्या हातात दिलं. बाबांची नजर आता अधू आहे, त्यामुळे ते बोटांनी पाहतात. काठ, मग कूस, मग रेघा. रेघा हाताला लागत नाहीत, पण बाबांना त्या कुठे आहेत ते सांगितलं. मग बोट भोकात गेलं.

"हे काय?"

"दोन फांद्या फुटतात ना, तिथे मधे साल अडकते. जुनं आहे ते. वरून दिसत नव्हतं."

"म्हणजे मोजणीच्या आधीचं."

"मोजणीच्या काय, आजोबांच्याही आधीचं असेल."

बाबा थोडा वेळ भोकातून आत-बाहेर बोट करत बसले. मग म्हणाले, "त्याला फोन लाव."

मी लावला. आई स्वयंपाकघराच्या दारात, हातात झारा. नऊ वर्षांनी सख्खे भाऊ बोलणार. काही कुशल विचारतील, वादळाचं विचारतील, डोळ्यांना पाणी वगैरे. बाबांनी फोन कानाला लावला आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, "अरे, भोक तुझ्या बाजूला येतंय."

पलीकडून काकांचा आवाज मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला. "माझ्या बाजूला? दादा, पूर्वेची फांदी कोणाची? कागद काढू का?"

चाळीस मिनिटं भांडले. भोक पूर्वेचं की पश्चिमेचं, बेचकं किती अंशांत वळलं होतं, गोठ्याच्या बाजूने पाहिलं तर काय आणि विहिरीच्या बाजूने पाहिलं तर काय. शेवटी काका म्हणाले, समक्ष पाहिल्याशिवाय मी मान्य करणार नाही. बाबा म्हणाले, ये आणि पाहा. तिसऱ्या दिवशी काका-काकू पुण्यात हजर. सोबत लोणच्याची बरणी. ती कोणत्या झाडाच्या कैरीची हे कोणी विचारलं नाही.

एका बेचक्यातून भांडं एकच निघतं, त्यामुळे वाटणीचा प्रश्न पुन्हा आलाच. आमच्याकडे गणपती आळीपाळीने बसतो, त्याच धर्तीवर ठरलं. होळीपासून गणपतीपर्यंत भांडं गावी काकांकडे, गणपतीनंतर होळीपर्यंत पुण्याला बाबांकडे. नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे. जाताना येताना मी ते काट्यावर ठेवतो. पासबुक अजून चालू आहे. लाकूड वाळलं म्हणून निवांत झालं असं नसतं. हवेतली ओल ते घेत राहतं, सोडत राहतं. पुण्याहून निघताना ५३० ग्रॅम भरतं. कोकणातला पावसाळा खाऊन परत येतं तेव्हा ५५५, आणि काठही गोलाचा किंचित लंबगोल झालेला. पुण्याच्या कोरड्या थंडीत पुन्हा आकसतं.

मी हे मधल्या काकांना समजावून सांगितलं. हवेतली आर्द्रता, लाकडाचे तंतू, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बाबांकडे वळून म्हणाले, "मी म्हणत नव्हतो, दादा? तुझ्याकडे त्याची आबाळ होते."